सरळ केलेलं नाक

प्रिय सुएत-लिंग,

अक्षर ओळखलंस का गं? नसेल तर आधी खालची सही बघ आणि मग वाच, पण सेक्रेटरीच्या हातात देऊ नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर तू गोड बोलतेस, मी विरघळते आणि बोलायचं ते राहूनच जातं. आयुष्यभर हेच चाललंय आपलं. म्हणून म्हटलं, या वेळी लिहूनच काढू. माझी तब्येत ठीक आहे. पाय थंडीत ठणकतो, त्याला इलाज नाही. मुलगा कॅनडात, सून, नात सगळी तिकडेच. तुझं सगळं मला कळतं, तुझी खबर मासळीबाजारातल्या बायकासुद्धा देतात.

गेल्या आठवड्यात क्वुन तोंगला जाऊन आले. तिथल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, हो-यात नावाचा मूर्तिकार बसतो. सिनेमातल्या माणसांच्या फूटभर उंचीच्या मूर्ती घडवतो. कपडे खरे शिवलेले, पापण्या एकेक चिकटवलेल्या. लोक म्हणे वर्ष वर्ष आधी नंबर लावतात. सध्या तो तुझी मूर्ती करतोय हे तुला मी काय सांगायचं? लाल कमरपट्टा, परांचीवरून उडी, तीच ती जगप्रसिद्ध उडी. त्याने सिनेमातल्या आपल्या जुन्या मारामारीवाल्या मंडळींकडून माझा पत्ता काढला आणि मला बोलावून घेतलं. मला वाटलं, कमरपट्ट्याची गाठ कशी होती वगैरे विचारायचं असेल. त्याने माझ्यापुढे चहा ठेवला, पाव ठेवला आणि एका डबीतून लिंबाएवढं एक डोकं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी चष्मा लावला आणि ते उजेडाकडे धरलं. ते माझं डोकं होतं, सुएत.

दात आवळलेले, एक भुवई वर चढलेली, जबडा हा एवढा रुंद, नाक डावीकडे कललेलं. विशी ओलांडलेली मी! झालं होतं ते असं. सिनेमाची जुनी रिळं धुऊनपुसून लख्ख केलीत ना आता, त्यात त्या उडीचं चित्र थांबवलं की चेहरा स्पष्ट दिसतो. पूर्वी नुसता धूसर ठिपका होता. मला सक्त ताकीद होती, तुझ्या जागी उडी मारायची पण तोंड कॅमेऱ्याकडे करायचं नाही. पण खाली पडताना माणूस कुठे पडतोय तिकडेच बघतो ना? मी बघितलं. हो-यात बापडा काटेकोर माणूस, त्याने पडद्यावर दिसलं ते घडवलं, सुरकुतीसुद्धा सोडली नाही. ते डोकं मंजुरीला तुझ्याकडे आलं आणि तू नापास केलंस. आता करारानुसार नापास डोकं या महिनाअखेरीस मूर्ती विकणाऱ्या कंपनीच्या माणसासमोर फोडायचं. हे सांगताना तो पोरगा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

तुझं पास झालेलं डोकंही त्याने दाखवलं. सुरेख आहे हो! जिवणी इवलीशी, हनुवटी निमुळती, पंचेचाळीस फुटांवरून कोसळताना ओठांवर मंद हसू. कंबर तर अशी बारीक की मला हसूच फुटलं. अगं, पडद्यामागे तुझ्या कमरपट्ट्याला पिना लावायला दोघी लागायच्या, विसरलीस? हो-यात म्हणाला, “मावशी, आमच्या धंद्यात हे भांडण रोजचंच आहे. निम्म्या गिऱ्हाइकांना पडद्यावर होतं तस्संच हवं, एक तीळ इकडचा तिकडे झाला तरी शिव्या घालतात. निम्म्यांना मनात जपलंय तसं हवं. आणि कंपनीला खपेल तसं हवं.” मी म्हटलं, बाबा रे, मनात जपलेलं तरी कोणाचं? उडी माझी आणि आठवण तिची, असं कसं जपतात लोक? त्यावर तो माझ्या कपात आणखी चहा ओतायला लागला. काय करणार बिचारा, त्याचंही पोट आहे.

तुझा शेराही वाचला मी. “नाक सरळ करा. चेहरा राकट वाटतो. ही बाई कोण आहे?” वाचून अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ही बाई कोण? ते नाक कोणी मोडलं गं? आपल्या गुरूंच्या, सिफूंच्या गच्चीवर, कोलांट्यांच्या सरावात, कोणाचा गुडघा होता तो? रक्त थांबेना तेव्हा तूच तुझा रुमाल माझ्या नाकाला लावलास आणि हमसून हमसून रडलीस, “ताई, सिफूंना सांगू नकोस, हाकलतील मला.” वयाने तू मोठी, पण मी तुझ्याआधी सिफूंकडे आले म्हणून ताई मी. सिफूंना सांगितलं, भिंतीवर आपटले. छड्या मीच खाल्ल्या. त्याचं मला काही वाटलं नव्हतं, खरंच सांगते. तू माझ्या अंथरुणात शिरून झोपायचीस, माझी धाकटी होतीस तू. त्या नाकाला हजारात ओळखशील. ओळखलंस म्हणूनच सरळ करायला सांगितलंस.

बरं, नाक जाऊ दे. पायाचं बोलू? त्याच उडीत खाली रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पडायचं होतं ते मी सुक्या मासळीवाल्याच्या फळीवर पडले. पाय खुब्यात मोडला. मी इस्पितळात वजनं टांगून पडलेली, आणि पेपरात फोटो कोणाचा? प्लास्टर घातलेल्या पायाने, कुबड्या घेऊन पहिल्या खेळाला आलेल्या तुझा! “सगळ्या उड्या तिने स्वतः मारल्या.” शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला तो फोटो दाखवून म्हणते, “बघ पोरी, याला म्हणतात हिंमत. नाहीतर तू, जिन्यावरून पडलीस.” कारण जिन्यावरून पडले असंच सांगायला लावलं होतं मला. हाड माझं मोडलं आणि प्लास्टर तुला, कप्पाळ माझं! तू ड्रायव्हरकडून पपईचं सूप पाठवलंस. चांगलं झालं होतं. त्यानंतर तुझे सिनेमे वाढत गेले आणि मी नाटकमंडळीचे कपडे इस्त्री करायला लागले. लोक विचारायचे तेव्हा मीही कानावर हात ठेवायचे. तुझ्या भीतीने नव्हे. मला वाटायचं, एक दिवस तू स्वतःच सांगशील. कुठल्यातरी समारंभात माइक हातात घेशील आणि म्हणशील, माझी एक ताई होती. टीव्हीवर तुझा सत्कार असला की मी गॅस बंद करून समोर बसायचे. मूर्खासारखी!

आता मुद्द्याचं. काल तुझ्या सेक्रेटरीचा फोन आला. “मावशी, मूर्तीबरोबर बदलायचे हात असतात, मुठी वळलेले, पंजा उघडलेले. मॅडमच्या मुठीचा अंगठा चुकतोय म्हणून नमुन्याचे फोटो बघून लोक नावं ठेवताहेत. मॅडम म्हणाल्या, कठीण कामं करणारी एक बाई होती, तिच्या हातांचा साचा घ्या.” हातांच्या बाबतीत लोकांना सगळं खरं लागतं वाटतं! मी हो म्हटलंय. गुरुवारी जाईन, हात देऊन येईन. इतकं दिलं, त्यात हेही. पण ते नापास डोकं मला हवंय. त्या वयातला माझ्या तोंडाचा एकही फोटो माझ्याकडे नाही, सगळे पाठमोरे, कारण तोंड न दाखवण्याचेच मला पैसे मिळायचे. नात व्हिडिओवर विचारते, आजी, तू तरुणपणी कशी दिसायचीस? तिला दाखवायला काही नाही माझ्याकडे. हो-यात चोरून द्यायला तयार होता, मी नको म्हटलं. तू होकार दे, म्हणजे उजळ माथ्याने आणते. मूर्ती तुझीच राहील, खोक्यावर नाव तुझंच राहील, मी कोणाला काही सांगणार नाही. आणि द्यायचं नसेल तर महिनाअखेरीस तू स्वतः क्वुन तोंगला जा, हातोडी हातात घे आणि माझ्या तोंडाकडे बघून ते फोड. एवढं एक काम तरी दुसऱ्या बाईकडून करून घेऊ नकोस.

तुझीच ताई,
मुई-क्वान