तिच्या नावचा राजीनामा

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एप्रिलातल्या एका सोमवारी सकाळी मी पूजा उरकली, हिच्या नावाने राजीनामा लिहिला, खाली हिची सही ठोकली आणि चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात देऊन आलो. ही तापाने झोपली होती. अकरा वर्षं दिव्यासमोर काच धरून चरे शोधायचे आणि घरी येऊन डोकं धरून बसायचं. कधी रडायचीसुद्धा. मला वाटलं, नोकरीच हिला खातेय. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती. म्हणून उठल्यावर सांगितलं, कारखान्याने कमी केलं. भेटायला आलेल्या मैत्रिणींना दारातूनच परत पाठवलं.

दोन महिने झाले. ही वेणी घालत नाही, घराबाहेर पडत नाही. धुतलेली भांडी पुन्हा पुन्हा घासते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं मनाचं आहे, गोळ्या चुकवू नका, एकटं सोडू नका. मी देवाजवळ रोज कबूल करतो. हिच्याजवळ जीभ उचलत नाही.

तुझ्या मायेवर जगणारा,
भाऊ

१९ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

मास्तर, अक्कल कुठे चरायला गेली होती? वर्गातल्या पोरांनी तुझंही डोकं उठतं, मग तुझा राजीनामा मी लिहू? मागे फोनवर तिने मला विचारलं होतं, ताई, माझी नजर गेली असेल का हो? मी हसण्यावारी नेलं. आता उमगतंय. कामात खोट निघाली म्हणून काढलं, असं धरून बसलीय रे ती.

देवाला सगळं ठाऊक आहे. तिला सांग. तुझं तोंड बघवेना झालं तर तिला माझ्याकडे पाठव.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हिची जागा परत मागायला कारखान्यात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, जागा भरली. तिच्यासारखी नजर मात्र पुन्हा मिळाली नाही.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, बाईंचं बोलणंही. हिने एवढंच विचारलं, मी रोज रात्री छताकडे बघत कोणती काच चुकली ते आठवत पडून असायचे, ते तुम्हाला दिसत नव्हतं का. दिसत होतं, ताई.

तुझ्याकडे यायचं तिनेच ठरवलं. परत कधी, ते मी विचारलं नाही. गोळ्या पिशवीत आहेत, सोबतीला हिची एक मैत्रीण आहे. हे पत्रही तिच्याच हाती, उघडंच देतोय. आत्ताच तिला गाडीत बसवलं, खिडकीशी उभा राहून हे लिहितोय.

भाऊ