सभेचे अध्यक्ष, मुक्काम होसूर

२ मार्च, संध्याकाळी
आजपासून रोज लिहायचं. इथं होसूरात मराठी बोलायला कुणी न्हाई. रूममध्ये प्रधान आहे, पण तो ओरिसाचा. त्याला मराठीत शिव्या दिल्या तरी मान डोलवतो, माया केली तरी डोलवतो. काम गुलाबाच्या पॉलीहाऊसात, तिथला सुपरवायझर तमिळमध्ये ओरडतो. गुलाबांना भाषाच लागत न्हाई. सातवीनंतर पेन धरला नव्हता, तरी अक्षर लय देखणं यायलंय.

संकल्प: यंदा शेलवाडीच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष व्हायचं. आसाराम नाना गुडघ्यानं बेजार आहेत, यंदा पद सोडणार असं गावच्या व्हाट्सअप ग्रुपवर आलंय. चैत पुनवेला मारोतीची जत्रा. अध्यक्षाला फेटा, हातात माईक, आणि शेवटची कुस्ती लावायचा मान. दोन्ही पैलवानांचे हात धरायचे, एकमेकांच्या हातात द्यायचे आणि बाजूला सरायचं. सगळं गाव बघतं. सोनपेठहून आलेली माणसं पण बघतात.

गाव सोडून चार वर्षं झाली. एकही जत्रा घडली न्हाई. पण गावात माझा विषय रोज निघत असणार.

३ मार्च
ग्रुपवर टाकलं: यंदा तरुणांना संधी, आपला महारुद्र. तीन अंगठे आले. एक माझाच, चुकून दाबला गेला. दुसरा मायचा. माय कशावरही अंगठा लावते, परवा कुणाच्या तेराव्याच्या निरोपावर पण लावला होता. तिसरा ट्रॅक्टरवाल्या भागवतचा. चांगला माणूस.

सुरुवात जोरात.

५ मार्च
बालाजीला फोन. बालाजी माझा जिगरी, शाळेत एकाच बाकावरून दोघं हाकललो गेलो. तो म्हणला, भागवत पण उभा हाय. म्हणजे अंगठा लावून माणूस गाफील करायचा डाव. परवा चांगला माणूस लिहिलंय, ते खोडायचं.

बालाजी म्हणला, आरं रुद्र्या, तू तिकडं, जत्रा इकडं, मंडपाचे बांबू काय व्हाट्सअपवर रवतूस का? मी म्हणलो, आज सगळा देश फोनवर चालायलाय. तो म्हणला, देश चालत असंल, आपल्या इथं पारावर चढून हात वर करावा लागतंय तवा रेंजची एक कांडी येती.

शेवटी शब्द दिला. सभेत तुझं नाव मीच सुचवतो म्हणला. अनुमोदन कोण देणार विचारलं, तर म्हणला, देईल की कुणीबी, सभेला माणसं काय कमी असतात.

आता निवडून आल्यासारखंच आहे.

९ मार्च
भाषणाचा सराव. कळ्या तोडता तोडता गुलाबांच्या रांगेला बंधू-भगिनींनो म्हणलं. श्रोते एकदम शांत. "मी लांब असलो तरी मनानं गावात" या वाक्याला हात वर गेला. हातात कात्री होती. न फुगलेल्या बऱ्याच कळ्या गेल्या.

सुपरवायझर धावत आला आणि लय वेळ बोलला. तमिळ कळत न्हाई, पण बोलण्यात वजन होतं. माझ्या आवाजाचा परिणाम झालेला दिसतो. संध्याकाळपासून मला खताच्या पोत्यांकडं टाकलंय. म्हणजे जबाबदारीचं काम.

१२ मार्च
ताप. रूमवरच पडून. कामावर कळवलं न्हाई. म्हणलं, बघू, माझ्यावाचून कसं चालतंय. फोन उशाला ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला. कंपनीतून एक फोन आला, सिमकार्डवाल्या कंपनीतून.

प्रधान संध्याकाळी आला. मला अंथरुणात बघून म्हणला, आज तुम जल्दी आ गया? म्हणजे मी नव्हतो हे कुणाला कळलंसुद्धा न्हाई. इतकं शिस्तीत काम चाललं. ही शिस्त मीच लावलेली आहे.

दोन घास त्यानं पुढं ठेवले. भात होता. भाकरी असती तर ताप उतरला असता.

१६ मार्च
आज सोन्याचा दिवस. आसाराम नानांचा स्वतः फोन! चार वर्षांत पहिलाच.

आमच्या गावची रीत अशी की सभा सुरू करायच्या आधी सभेपुरता एक अध्यक्ष निवडतात. एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. मग तो खुर्चीवर बसतो आणि पुढची निवडणूक तोच घेतो. नाना म्हणले, महारुद्रा, यंदा त्या खुर्चीवर तुला बसवावं म्हणतो. फोनवरून का व्हईना. गावातला कुणीबी घेतला तर एकाचा भाऊ निघतो, दुसऱ्याचा साडू निघतो. तुझं कसं, तुझं आता कुणाशी काहीच न्हाई.

किती मोठं सर्टिफिकेट.

मी म्हणलो, पण नाना, मी पण उभा हाय. ते म्हणले, व्हय का? मग तर बरंच झालं. खुर्चीवरचा माणूस हुज्जत घालत न्हाई.

उमेदवार मी आणि निवडणूक घेणारा पण मी. पंचच आखाड्यात उतरल्यावर त्याची पाठ कोण लावणार? भागवतची फिकीर संपली. बिचाऱ्याला उपाध्यक्ष करीन.

२२ मार्च
उद्या सभा. तांब्यात कढत पाणी भरून शर्टाला इस्त्री केली. भिंतीवरचा ओलीचा डाग कॅमेऱ्यात येतो, म्हणून टाकून दिलेले गुलाब बादलीत भरून मागं ठेवले. प्रधानला सांगितलं, उद्या दुपारी बाहेर बस, माझी मीटिंग आहे. त्यानं मान डोलवली.

संकल्प: निवडून आल्यावर लगेच हसायचं न्हाई. आधी गंभीर, मग हळूहळू.

रजेचं नंतर बघू. लग्नसराईत सुपरवायझर कुणाला सोडत न्हाई. पण अध्यक्ष झाल्यावर वरून जत्रा चालवता येते.

२३ मार्च, रविवार
घडलं तसं लिहितो.

पारावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, खुर्चीवर माझा फोन, म्हणजे बालाजीचा फोन आणि आत मी. नाव सुचवलं, अनुमोदन झालं, टाळ्या झाल्या. इथंवर उत्तम. मग कुणीतरी अध्यक्षांना हार घातला. त्यानंतर मला झेंडू दिसायला लागले. नुसते झेंडू. झेंडूच्या पलीकडून शेजारच्या कुसुमबाईचा आवाज आला, आगं बाई, दैवशालाचं पोरगं कवा गेलं गं? माय ओरडली, तुझ्या तोंडात माती, जित्ता हाय त्यो, बोलायलाय बग!

मी ताबडतोब बोललो. शांतता राखा म्हणलो.

रेंज जायली म्हणून बालाजीनं हार काढला आणि फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिला. आता सगळी सभा दिसली. मारोतीच्या देवळाला नवा रंग दिलाय. मला कुणी सांगितलं न्हाई. पुढं बसलेली पोरं कुणाची ते ओळखू येईनात. बायका देवळाच्या पायरीवर होत्या, त्यांत मायचा पदर तेवढा लगेच ओळखला.

मी म्हणलो, अध्यक्षपदासाठी नाव सुचवा. भागवतचं नाव आलं. अनुमोदन कोण, असं विचारायच्या आत चार-पाच हात वर. मी म्हणलो, आणखी नाव?

इथं बालाजीनं बोलायचं होतं. फोन नुसता हलत होता.

आणखी नाव, मी परत म्हणलो. खुर्चीवरून स्वतःचं नाव कसं घेणार? मी खाकरलो. खालून बालाजी म्हणला, आवाज येतोय, बोल बिनधास्त. मी अजून जोरात खाकरलो. कुणीतरी म्हणलं, तिकडची हवा मानवत न्हाई वाटतं.

तेवढ्यात पायरीवरून मायचा आवाज आला, माझ्या लेकाचं घ्या की नाव!

हशा झाला. वाईट नव्हता, घरातल्याला हसतात तसा होता. नाना म्हणले, हसू नका रे, सूचक दैवशालाबाई, धरा. मग मला म्हणले, विचारा अध्यक्ष महोदय.

मी विचारलं, महारुद्र, यांच्या नावाला अनुमोदन?

कुणीच बोललं न्हाई. कुठंतरी शेळी ओरडली. एक जण शेजारच्याला म्हणला, पण त्यो जत्रंला येणार हाय का? शेजारचा म्हणला, कोण, ह्यो? ह्यो कुठं येतोय. मला कुणी विचारलं न्हाई. मी समोर होतो.

नाना म्हणले, अध्यक्ष महोदय, निर्णय द्या.

मी दिला. अनुमोदन नसल्यामुळं नाव बाद. श्री. भागवत बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर करतो. आवाज नीट निघाला. सरावाचा उपयोग झाला.

टाळ्या, हलगी. बालाजीनं फोन खिशात टाकला, बंद करायचा विसरला. बराच वेळ मी बालाजीच्या खिशात होतो. कापड घासल्याचा आवाज, किल्ल्या, चहा घ्या चहा घ्या, कुणाच्या तरी पाठीवर थाप, भागवतचं हसणं. फोन मला इकडून पण बंद करता आला असता.

प्रधाननं दारातून डोकावून विचारलं, मीटिंग खतम? मी म्हणलो, चालू है.

२४ मार्च
बालाजीचा फोन. म्हणला, लेका, दोन्ही हात फोनला, हात वर कसा करू? फोन पडला असता तर तूच पडला असतास. तोंड मोकळं होतं की, असं मी म्हणणार होतो. म्हणलो न्हाई. जिगरी आहे.

म्हणला, नाना तुझी लय तारीफ करायलेत. सोताच्या तोंडानं सोताचं नाव बाद केलं, असा पंच गावात झाला न्हाई म्हणले. पुढल्या वर्षी पण सभेला तुलाच घ्यायचं म्हणले.

विचार केला तर कमिटीचा अध्यक्ष म्हणजे काय, बांबू रवणारा माणूस. सभेचा अध्यक्ष त्याच्या वर. त्यानं जाहीर केल्याशिवाय भागवत कोण होता? मीच त्याला केला.

बादलीतले गुलाब टाकायचे राहिलेत. वास यायलाय.

२६ मार्च, संध्याकाळी
मायचा फोन. मी आधीच तापलेला. म्हणलो, भर सभेत पायरीवरून ओरडायची काय गरज होती? गावासमोर इज्जत गेली. ती म्हणली, मला काय कळतंय बाबा अध्यक्ष न् फिध्यक्ष. मला वाटलं, ते झालास तर फेटा बांधून घ्यायला तरी तुला यावं लागल.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग म्हणली, फेटा नसला म्हणून काय झालं. ये की पुनवेला. पाव्हण्यासारखा ये, दोन दिस राहा न् जा. येतूस का?

मी म्हणलो, आवाज तुटायलाय माय. इथं रेंज न्हाई. हॅलो. हॅलो.

माय म्हणली, मला तर समदं नीट ऐकू यायलंय.