शेवटचं प्रकरण माझ्या वाटणीचं

४ फेब्रुवारी

एक तारा! पाचातला एक! आणि खाली मखलाशी — 'याहून कमी देता येत नाही, म्हणून दिला.'

लिहिणारीने नाव लावलंय 'पुस्तकवेडी'. वेडी आहे एवढं पटलं. पुढे म्हणते, 'मैत्रीवरची रहस्यकथा म्हणून मुलीला घेऊन दिली. रहस्य लेखिकांनाच उलगडलेलं दिसत नाही.' बाई गं, लिहून बघ एकदा, मग कळेल! दीड वर्ष जेवणाच्या सुट्टीत घास कोंबून लिहिलंय आम्ही. मी दातांच्या दवाखान्यात फोन घेता घेता, ढापणी समोरच्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा. एक प्रकरण तिचं, एक माझं. लिहून झालं की औषधाच्या खाकी पिशवीत घालायचं, रस्ता ओलांडायचा आणि दुसरीच्या हातात द्यायचं. पुढचं तिने बघायचं.

ढापणीला फोन केला. वाचून दाखवलं. म्हणाली, "लोक बोलणारच गं. तू आधी चहा घे."

चहा घे म्हणे! हिचं सगळं चहावर भागतं.

६ फेब्रुवारी

आणखी चार मतं आलीत. एकानेही सरळ कौतुक केलेलं नाही. उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कधी हे लोक भेटले तर हिशेब चुकता करता येईल.

'चित्रकलेचे सर चोर? सर त्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळले होते. पाचवं प्रकरण बघा.'

'टिटवी फार बडबडते. सावली इतकी गुणाची की तिला चिमटा काढावासा वाटतो.'

'सावलीच्या बोटाला पट्टी का होती? शेवटपर्यंत सांगितलं नाही. लेखिका विसरल्या का?'

चौथ्याने नुसतंच 'हॅ' लिहिलंय. हॅ!

टिटवी म्हणजे मी, हे आमच्या ओळखीतल्या कोणालाही कळतं. बोलकी, चुणचुणीत, सगळ्यात आधी पुढे घुसणारी. आणि तिच्या मागे मागे गुपचूप चालणारी जिवाभावाची मैत्रीण सावली म्हणजे ढापणी. शाळेच्या गच्चीवरून दुर्बीण नाहीशी होते आणि या दोघी ती शोधतात. एवढी साधी सरळ गोष्ट. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

सरांना ताप होता हे खरंय. पण ते प्रकरण ढापणीचं! मला वाटलं, तिला ताप खोटा दाखवायचा असेल. मी शेवटी तसंच केलं — ताप खोटा, सर चोर. आता यात माझी काय चूक?

८ फेब्रुवारी, रविवार

भाची आली होती. तेरा वर्षांची, पण जीभ चांगली तीस वर्षांची. पलंगावर लोळत म्हणाली, "आत्या, रागावणार नसशील तर एक सांगू?"

म्हटलं, सांग. मी कशाला रागावू?

"अगं, सावलीनेच केलंय ते! आमच्या अख्ख्या वर्गाला केव्हाच कळलं होतं. गच्चीची किल्ली कोणाच्या कंपासपेटीत? सावलीच्या. दप्तरात काचेचा तुकडा कोणाच्या? सावलीच्या. 'मी घरीच होते' म्हणाली आणि तिची आई म्हणते, नव्हती. बोटाला पट्टी! आणि तुम्ही पकडलं कोणाला तर त्या बिचाऱ्या सरांना. आम्ही तर हसून हसून..."

रागावले. चांगलीच रागावले. ती गेल्यावर पुस्तक काढून बसले. किल्ली — तिसरं प्रकरण. काच — पाचवं. आईचं बोलणं — सातवं. पट्टी — नववं. सगळी ढापणीची! माझ्या एकाही प्रकरणात सावलीवर बोट ठेवायला जागा नाही.

तेव्हा वाचताना माझ्या लक्षात कसं आलं नाही? आलं होतं थोडंसं. वाटलं, पानं भरतेय. विचारायची सोय नव्हती, कारण आमचा नियमच तसा. शाळेत भित्तिपत्रकात गोष्ट लिहायचो तेव्हापासूनचा. पुढे काय होणार ते विचारायचं नाही, आणि दुसरीच्या प्रकरणातला स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही. विचारलं की मजा जाते, असं मीच म्हणाले होते. चिठ्ठ्या टाकल्या, पहिलं प्रकरण तिच्याकडे गेलं आणि शेवटचं माझ्या वाटणीला आलं. म्हणून आज शिव्या खातेय मी!

९ फेब्रुवारी

आमचे डॉक्टरसुद्धा! खुर्चीत पेशंट तोंड वासून पडलेला, आणि हे मला मोठ्याने विचारतात, "काय मॅडम, तुमच्या चित्रकलेच्या सरांना जामीन मिळाला की नाही?"

पेशंट तशाच वासलेल्या तोंडाने हसला. त्याची पुढची वेळ मी दोन आठवड्यांनंतरची दिली.

११ फेब्रुवारी

आज सरळ दुकानात गेले. ढापणी कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होती. म्हटलं, "तू सावलीला चोर करत होतीस?"

"आपला नियम काय आहे?"

"पुस्तक छापून झालं गं बाई! आता कसला डोंबलाचा नियम? लोक मला फाडून खातायत."

"शेवट तुझा होता. तू लिहिलास तो लिहिलास." आणि चष्मा काढून ओढणीने पुसत बसली. ना हो, ना नाही.

मूग गिळून बसायची हिची जुनी खोड. पूर्वी मला ते शहाणपण वाटायचं. आज डोक्यात तिडीक गेली. गिऱ्हाईक आलं म्हणून वाचली, नाहीतर काउंटरवरची खोकल्याची बाटली फोडणार होते.

१२ फेब्रुवारी

आता सगळं लख्ख दिसतंय.

तिच्या दुकानाचे मालक दाढ दाखवायला आले होते. बसल्या बसल्या सहज म्हणाले, "तुमचे ते प्रकाशक भला माणूस हो. पुस्तक निघायच्या आधी आमच्या दुकानात चांगले तासभर बसले होते, तुमच्या मैत्रिणीशी बोलत."

तासभर! मला ना तिने सांगितलं, ना त्यांनी. दुसऱ्या पुस्तकाचं अजून ठरायचंय. 'पहिल्याचं काय होतंय बघू' असं मला प्रत्येक वेळी ऐकवतात. आणि इकडे तिच्याशी तासभर गप्पा? कशाबद्दल असणार? मी मूर्ख आहे का?

एकटीने लिहायचंय तिला. मला गाळून. आणि बघा तरी — स्वतःच्याच हाताने लिहून ठेवलंय सगळं! टिटवीच्या मागे मागे फिरणारी, गोड बोलणारी, आणि आतून केसाने गळा कापणारी सावली. प्रकरणामागून प्रकरण मला पिशवीतून आणून देत होती, आणि मी आपली जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून वाचत होते!

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, गोष्ट आहे ती." त्याला काय कळतंय! त्याने अजून वाचलेलीसुद्धा नाही.

१४ फेब्रुवारी

एका शाळेत वाचकांशी गप्पा होत्या. बोलावणं दोघींना होतं. ढापणीला कळवलंच नाही. मुद्दाम.

वाटलं होतं, मुलं सह्या मागतील. कसल्या सह्या आणि कसलं काय! पहिल्याच बाकावरची उठली — "सरांचा ताप खोटा होता तर डॉक्टरांनी इंजेक्शन का दिलं?" दुसरी — "टिटवी एवढी हुशार आहे तर तिला दप्तरातली काच कशी दिसली नाही?" तिसरा — "पट्टीचं काय?" पट्टी, पट्टी, पट्टी! घाम फुटला मला. त्यांच्या बाई भिंतीला टेकून मजा बघत होत्या.

शेवटी मी म्हणाले, "हे बघा, ती प्रकरणं माझी नाहीत. जो गोंधळ आहे तो माझ्या मैत्रिणीचा आहे."

वर्गभर 'ओऽऽ' झालं. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच — "सावली असं बोलली नसती."

काय हसली कार्टी! बाईसुद्धा हसल्या. घरी येईपर्यंत कान गरम होते. खरं सांगायचं तर अजून आहेत.

१७ फेब्रुवारी

प्रकाशकांचा फोन. मी तयारच होते, आता हे मला नारळ देणार. पण सूर वेगळाच! पुस्तक संपत आलंय. लोक भांडण्यासाठी का होईना, विकत घेतायत. दुसरी आवृत्ती काढायची आहे.

"पण ताई, शेवट बदलू या. सावलीला चोर करा. सगळ्यांना तेच हवंय. दोघींची संमती लागेल, पण लिहायचं तुम्हालाच, शेवट तुमचा ना."

हो म्हणाले. विचार करायला एक क्षणसुद्धा घेतला नाही.

१९ फेब्रुवारी

लिहिलं. एका बैठकीत! इतकं भराभर मी कधीच लिहिलं नव्हतं.

गच्चीवरचा प्रसंग. टिटवी एकेक पुरावा सावलीच्या तोंडावर फेकते. किल्ली, काच, खोटं बोलणं. पट्टी ओढून काढते बोटावरची — घ्या, मिळाली तुमची पट्टी! सावली रडते, गयावया करते. टिटवी म्हणते, 'तू माझ्या मागे मागे यायचीस ती मैत्रीण म्हणून नाही. पाळत ठेवायला.' आणि पाठ फिरवून जिना उतरते.

ते वाक्य लिहिलं आणि असं बरं वाटलं म्हणून सांगू! दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

पिशवीबिशवी नाही. थेट प्रकाशकांना पाठवलं. वाचू दे तिला त्यांच्याकडून.

२० फेब्रुवारी

दुपारभर समोरच्या दुकानाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारभर तिकडेच बघत होते.

२३ फेब्रुवारी

ढापणी आली होती दवाखान्यात. डॉक्टरांनी मागवलेली औषधं द्यायला. एरवी पोऱ्या येतो, आज स्वतः आली. खोकं टेबलावर ठेवलं. जरा उभी राहिली.

"नवीन लिहिलंस म्हणे."

"हो."

"जमलंय मनासारखं?"

"वाचशील तेव्हा कळेल." मी फोन उचलला. वाजत नव्हता, तरी उचलला. 'हॅलो, हॅलो' करत बसले. तिला कळलं असणारच. पावतीवर माझी सही घेतली आणि रस्ता ओलांडून गेली. वाळल्यासारखी वाटली. वाटू दे! मी काय करू? मला विचारून तासभर बसली होती का?

दोन दिवसांत भांडायला येईल असं मला वाटतंय. येऊ दे. मी काय काय बोलणार ते सगळं मनात लावून ठेवलंय.

२५ फेब्रुवारी

आली नाही.

'पुस्तकवेडी'ने पुन्हा लिहिलंय. 'ऐकलं की नवीन आवृत्तीत शेवट बदलणार. लेखिकांना उशिरा का होईना, अक्कल आली.' यावेळी राग यायला हवा होता. आलाच नाही धड.

२७ फेब्रुवारी

प्रकाशकांचा फोन. ढापणीने संमतीपत्र सही करून पाठवलं. एकही शब्द न बदलता.

मी विचारलं, काहीच बोलली नाही?

"बोलल्या ना. म्हणाल्या, सावली चोर नाही. चोरीच झालेली नाही. टिटवीच्या पायाने दुर्बीण गच्चीवरून खाली गेली आणि तिला पत्ताच नाही. तिला कधी कळू नये म्हणून सावली काचा वेचत हिंडतेय, स्वतःवर संशय ओढून घेत. मी म्हटलं, अहो, मग हे सांगा ना तुमच्या मैत्रिणीला! तर म्हणाल्या, शेवट तिच्या वाटणीचा आहे, तिने लिहिलाय तो छापा. मागे मी दुकानात गेलो होतो तेव्हाही तेच. मी तासभर सांगत होतो, सरांचा शेवट पटत नाही, तुम्ही लिहून द्या दुसरा. ऐकेनातच."

दुसरं प्रकरण. माझं. अंधारात गच्चीवर टिटवीचा पाय कशाला तरी लागतो, काहीतरी गडगडतं, आणि ती हसत हसत जिना उतरून पळते. मी उगाच लिहिलं होतं ते, गंमत म्हणून. पुन्हा वाचलंही नव्हतं.

म्हटलं, थांबवा. छापू नका.

म्हणाले, "ताई, सकाळीच मशीनवर चढलं."