दोरीवरचं वाक्य

ठमे,
मी शिवणाच्या कामाला जातेय. तू तुझं सामान न्यायला येशील तेव्हा घरात थांबणार नाही, तुझी बॅग भरलेली मला बघवायची नाही.

कपाट उघडं आहे, हवं ते ने. दोरीवरच्या चिमट्यांना मात्र हात लावू नकोस. चौथीत होतीस तेव्हा तिथे शब्दांचे कागद टांगून मला इंग्रजी शिकवायचीस. लाल चिमट्यात करणारा, पिवळ्यात क्रिया, मग निळ्यात उरलेलं. मी आपली क्रिया शेवटी लावायचे, अन् तू कपाळाला हात लावून ती मधे आणायचीस.

आज एक वाक्य टांगलंय. पिवळा चिमटा शेवटी आहे, मला ठाऊक आहे. आत्ता हलवू नकोस. पुढच्या रविवारी येऊन हलव.

आई