सतराव्या ओळीवरचा शिक्का

धारूर, २२ एप्रिल २०००

तीर्थस्वरूप दाजी (विश्वेश्वरअप्पा) यांस,
धाकट्या मेव्हण्याचा, गुंडप्पाचा, शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा कसा आहे? दुकानात दिवसभर मांडी घालून बसू नका. आष्टीची गिऱ्हाइकं तुम्ही खुर्चीवर बसलात तरी कापड घेतील. शांताक्काला सांगा, तिच्या चटणीची बरणी संपली आणि मी अजून जिवंत आहे. भाची शिवांजली पॉलिटेक्निकची कॉम्प्युटरची परीक्षा देऊन सुट्टीला घरी आल्याचं कळलं, आनंद वाटला. पत्राला विशेष कारण नाही. सहज लिहितो आहे.

आमच्या ज्ञानदीप वाचनालयाला कॉम्प्युटर मिळाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. येत्या बसवेश्वर जयंतीला त्यावर मुलींचा वर्ग सुरू करायचा, असं मी अध्यक्ष या नात्यानं जाहीर केलं. अकरा मुली मिळवायला अकरा ओट्यांवर अकरा भाषणं करावी लागली. सगळ्यांत लांब भाषण मेंढरं राखणाऱ्या सुग्रीवपुढं झालं. (पाऊण तास. निम्म्यातच मेंढरं उठून गेली, तो बिचारा बसून राहिला.) शेवटी म्हणाला, "गुरुजी, तुमच्या शब्दावर स्वप्नालीला धाडतो. पन त्या दिशी मशीन चालू दिसली न्हाई तर पोरगी मेंढरामागं जाईल. मंग पुन्ना भाषन करू नगा." बाकीच्या दहा बापांनीही हीच अट उचलून धरली.

आता मशीनविषयी. बटण दाबलं की पहिल्यांदा निळं आभाळ, पांढरे ढग आणि इंग्रजी अक्षरं. बंद करताना काळ्या पडद्यावर पुन्हा इंग्रजी हुकूम, की आता मला बंद करायला हरकत नाही. दाजी, आपल्या गावात, आपल्या विजेवर, आपल्या टेबलावर बसून हे यंत्र आपल्याच लेकींशी परक्या भाषेत बोलणार? (इथं मी जे बोललो ते लिहीत नाही, शिपाई बंकटनं ते उभं राहून ऐकलं आणि मग पाय दुखतात म्हणून बसून ऐकलं.) पुण्याच्या एका मासिकात उपाय सापडला. ते आभाळ म्हणजे एका फाइलीतलं साधं चित्र असतं. फाइलीच्या नावाचं शेपूट बदलायचं, चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये उघडायचं, हवं ते काढायचं आणि शेपूट पुन्हा जागेवर लावायचं. पण फाइली लपवलेल्या! वर 'फक्त वाचण्यासाठी' अशी ताकीद! ज्यानं तीस वर्षं पुस्तकांच्या कपाटांची कुलपं काढायला भांडण केलं, त्याला ही ताकीद? लपवलेलं सगळं मी उघडं केलं. मशीननं विचारलं, ही फाइल यंत्रणेला लागते, बदललीत तर चालेनासं होईल, नक्की बदलायची? बंकट म्हणाला, "गुरुजी, ती इचारतीय तर न्हाई म्हना की." मी 'होय' दाबलं.

आणि जमलं! माउस धरून अक्षरं काढायला सकाळचे अकरा ते दुपारचे चार लागले, 'स्वागत'मधला 'स्व' जरा पोट सुटल्यासारखा झाला, पण बटण दाबताच आभाळावर उमटलं : 'धारूरच्या लेकींचं स्वागत'. बंद करताना : 'दमलात? आता पुस्तक उघडा.' बंकटच्या डोळ्यांत पाणी आलं. (तो म्हणतो पडद्याकडं बघून आलं. असेल.)

इथं थांबलो असतो तर हे पत्र एका पानात संपलं असतं. पण वाचनालयाचा नियम तुम्हाला माहीत आहे : पुस्तक आलं की दाखल क्रमांक घालायचा आणि शिक्का मारायचा, पहिल्या पानावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या पानावर. सतराव्याचा गुपित असतो. चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आपलं हे सिद्ध होतं. मग आतल्या फाइली बेवारशी का राहाव्यात? मी एकेक फाइल साध्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. आत नुसते चौकोन आणि चिन्हं. यंत्रणेला स्वतःचं अक्षर वळणदार ठेवता येत नाही हे दिसलंच. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीवर, सतराव्या ओळीवर आणि शेवटी 'ज्ञानदीप वाचनालय, धारूर' असं इंग्रजी अक्षरांत टंकलं (मराठी अक्षरं तिथं उमटेनात), दाखल क्रमांक घातला, जतन केलं. त्रेचाळीस फाइली. बंकट रजिस्टरात नोंदी करत होता. असं शिस्तबद्ध काम तालुक्यात दुसरीकडं झालं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. आभाळ आलं, लेकींचं स्वागत झालं, आणि मग पडदा काळा. वर एक पांढरी ओळ, की अमुक फाइल बिघडली आहे. अमुक फाइल म्हणजे आमचा दाखल क्रमांक सात. गेले नऊ दिवस यंत्र रोज स्वागत करतं आणि तोंड फिरवतं.

पण मी खचलेलो नाही. वर्ग जयंतीला सुरू व्हायचा, तरी मुली आत्तापासूनच रोज येतात. पुठ्ठ्यावर कळफलक काढून दिलाय, त्यावर त्यांची बोटं अशी चालतात की पुठ्ठ्याला भोकं पडायची वेळ आली. ज्या गावात मुली पुठ्ठ्यावर टंकन शिकतात, त्या गावाला कोण मागं ठेवणार? तर सगळं क्षेम आहे. शांताक्काला नमस्कार, शिवांजलीला अनेक आशीर्वाद.

तुमचा,
गुंडप्पा

ता. क. विशेष कारण नाही असं वर लिहिलं, ते खोटं होतं. शिवांजलीला चार दिवस पाठवा, सोबत तिची ती कॉम्प्युटरमध्ये यंत्रणा नव्यानं भरायची सीडी द्या. एकटीला पाठवा. बीडला गाडी बदलावी लागते एवढंच. तुम्ही म्हणाल पोरगी एकटी कशी येणार. दाजी, बाराव्या ओट्यावर यायची वेळ माझ्यावर आणू नका.

ता. क. दोन. सुग्रीव आज सकाळी विचारायला आला होता. मशीन विश्रांती घेतेय असं सांगितलं. तो म्हणाला, "नऊ दिस? माझं कुत्रंबी एवढं निजत न्हाई." जयंतीला वेळ थोडा आहे.

ता. क. तीन (हे मी लिहीत नाही. पत्र पाकिटात घालायला स्वप्नालीकडं दिलं होतं, तिनं वाचलं आणि पेन मागितलं.)

काका, नमस्कार. मी सुग्रीवची स्वप्नाली. सरांनी अकरा मुली लिहिल्यात, पन आमी आता एकोणीस हावोत. मशीन बंद पडल्यापासून वाढलोत, कारण समद्यांना बघायचंय आत काय हाय. ताईला लवकर पाठवा, आन तिला सांगा की एकटीनंच नीट करून टाकू नको. आमच्या देखत कर, सावकाश कर. सर लई चांगले हायती, पन ते पुन्ना हात लावनारच. तवा आमाला आलं पायजे.