यादीतलं तिसरं नाव

सोमवार, ३
नवं घर झकास आहे! दोन खोल्या, लख्ख उजेड आणि शेजारी कुणी तोंडओळखीचंही नाही. टेबल खिडकीशी लावलं. राउटरला मुद्दाम जुन्या घरातलंच नाव आणि तोच पासवर्ड दिला. आमच्या धंद्यातली आळशी युक्ती. जुनी उपकरणं आपोआप जोडली जातात. उद्यापासून नवी नोकरी: ज्यांचं नेट रखडतं त्यांना घरबसल्या फोनवरून मार्ग दाखवायचा. ताई म्हणाली, आता तरी माणसांत ये. बायकोला जाऊन वर्ष होत आलं.

बुधवार, ५
माझंच नेट रखडतंय! ग्राहकासमोर पुरती शोभा झाली. लोकांना सांगतो ते सगळं केलं: राउटर बंद-चालू केला, भिंतीपासून हलवला, चॅनेल बदलला. ढिम्म. शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. माझा कॉम्प्युटर, माझा फोन आणि तिसरं नाव, ‘सरकार’. हिच्या फोनला मीच चिडवायला दिलेलं.
गाडी नदीतून काढली तेव्हा ही सापडली, फोन नाही.

गुरुवार, ६
साहेब म्हणाले, कुणीतरी घुसलंय, ब्लॉक करून टाक. नाही केलं. काल त्या फोनच्या सिग्नलची एक काडी होती, आज दोन आहेत. कामधाम सोडून बघत बसलो. खूप दिवसांनी घरात कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ७
तीन काड्या. म्हणजे इमारतीतच. जिन्यात चिखलाचा वास येतोय. ताईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, माझी शपथ आहे, आत्ताच्या आत्ता तोड.
तोडलं. नेट सुसाट.

शनिवार, ८
राउटरच्या नोंदी पाहिल्या. ब्लॉक केल्यापासून त्या फोनचे चारशे बारा प्रयत्न. नाकारला. नाकारला. नाकारला –
ताईलाही सांगितलं नाही ते इथे लिहितो. हिच्या बाजूचं दार अडकलं होतं. मी माझ्या खिडकीतून निघालो. ही आतून काच बडवत होती. मी पाहिलं. पाहिलं आणि काठाकडे –

शनिवार, दुपार
ब्लॉक काढला. सगळ्या काड्या भरल्या.
दार वाजतंय. तळहातानं. तसंच –
भीती वाटते गं. पण थांब, जाऊ नकोस. या वेळी आधी तुझं दार उघडतो, मग –