एकशे बारा घरं आणि तीन मिनिटं

शिविर वस्ती, बर्दिया
९ कार्तिक

ती. सोनकली दिदीस,
सेवा लागी. सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी मी काठमांडूच्या एका सभागृहात उभा राहून आपल्या वस्तीतल्या एकशे बारा घरांची नावं घ्यायला लागलो, आणि एकतिसाव्या घरापाशी घंटा वाजली. वेळ संपली म्हणे. ज्या कामासाठी चौदा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली, ते काम तोंडातून निघालंच नाही.

आधी प्रकरण काय ते सांगतो, नाहीतर पतिराम बिघडला असं तू भाऊजींना सांगशील. दर चार-पाच वर्षांनी जिनिव्हा नावाच्या शहरात सगळे देश जमतात आणि एकेका सरकारला विचारतात, की बाबा, तुझ्याकडे माणसांना माणसासारखं वागवतोस ना? यंदा पाळी आपल्या सरकारची. त्या मांडवात बोलायचं फक्त देशांनी. आपल्यासारख्यांनी बसायला हरकत नाही, पण तोंड मिटून. मात्र त्याआधी दोन गोष्टी करता येतात, असं संस्थेच्या रेणुका मिसनी शिकवलं. एक म्हणजे लेखी अहवाल पाठवायचा. तो सतरा संस्थांनी मिळून असार महिन्यातच पाठवला. शब्द मोजून मिळतात, त्यामुळे आपल्या वाट्याला चार ओळी आल्या. दुसरं, काठमांडूतल्या वकिलातींच्या माणसांना गाठून कानात सांगायचं, की आमचा हा प्रश्न तिकडे विचारा बरं का. लग्नात मुलीच्या मावशीनं पाहुण्याला कोपऱ्यात ओढून सांगावं, देण्याघेण्याचं तुम्हीच विचारा, आम्ही विचारलं तर वाईट दिसतं, अगदी तसं.

आपला प्रश्न तुला ठाऊक आहे. कर्जापायी मालकाच्या घरी राबायची कमैयाची वेठ सुटून पंचवीस वर्षं होत आली, पण या वस्तीतल्या एकाही घराकडे जमिनीच्या मालकीचा कागद, लालपुर्जा नाही. उद्या कुणी ऊठ म्हटलं की उठायचं. एका तरी देशानं हे विचारावं, एवढंच मागणं.

त्यासाठी तीन मिनिटं होती. पण माघीच्या सणाला ख्यालाची गावसभा बसते, तिथं प्रत्येक घराचं नाव घेतल्याशिवाय गावचा प्रमुख बडघर तरी तोंड उघडतो का? नाव न घेता घराच्या वतीनं बोलायचं म्हणजे चोरीच ती. मिसनी कपाळावर हात मारला. घंटा वाजवणारी मुलगी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. नशीब, ही नुसती तालीम होती. वकिलातवाल्यांची खरी भेट तिहारचा सण झाल्यावर आहे. आता कुणाचं नाव गाळू? बुधनीकाकीचं गाळलं तर मेल्यावरही ती माझ्या स्वप्नात येईल, आणि अजून तर ती मेलेलीही नाही.

काहीतरी सुचव. भाऊजींना सेवा. लोभ आहेच, तो या मूर्खपणानं आटू देऊ नये.

तुझा
पतिराम

*

कैलाली
१६ कार्तिक

चि. पतिरामास,
अ. उ. आ.

तुझं पत्र माझं मीच वाचलं. अक्षराखाली बोट ठेवून, सबंध दुपार. तुझे भाऊजी शेजारी बसून पुढं काय, पुढं काय करत होते, आणि एकतिसाव्या घरापाशी घंटा वाजली तेव्हा त्यांच्या नाकातून चहा आला. उत्तर फोनवर देऊ नकोस. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, आणि पन्नाशी उलटल्यावर शिकलेली अक्षरं मी काय लोणच्यात घालू?

आता मोठ्या बहिणीचं ऐक. तू रोज पहाटे देवापुढं अर्धा तास बसतोस, तिथं काय घंटा वाजते का? सगळी नावं तिथं घे. देवाला सवड आहे, वकिलातीतल्या साहेबाला नाही. त्याला नुसतं काम सांग आणि खाली बस. बुधनीकाकीला मी समजावीन. नाही समजली तर तिला तुझ्या पायाचं दुखणं सांगीन, मग ती रागावणं विसरून औषधं सांगत बसेल.

आणि ते आंब्याचं रोप अजून डब्यातच ना? सात वर्षं झाली. तेलाचे तीन डबे त्यानं फोडले. लालपुर्जा मिळाल्याशिवाय परक्या जमिनीत झाड लावणार नाही, असं तू देवापुढं बोलून बसलास. त्या झाडानं तुझं काय घोडं मारलंय रे? तुझ्यासारखंच तेही डब्यात म्हातारं होईल.

जाताना तांदळाच्या पिठाची ढिकरी बांधून ने, शहरात कुणी पोटाला विचारत नाही. माया आहेच, तू तेवढी अक्कल जपून वापर.

तुझी
सोनकली दिदी

*

काठमांडू
११ मंसिर

ती. दिदीस,
सेवा लागी. वि. वि.

जमलं गं! बस सुटायला तासभर आहे, थांब्यावरच लिहायला बसलोय.

आज पहाटे धर्मशाळेच्या गच्चीवर गार पाण्यानं अंघोळ केली आणि उगवतीकडे तोंड करून एकशे बारा नावं घेतली. बुधनीकाकीचं दोनदा. दात इतके वाजत होते की देवाला निम्मी कळली असतील, पण तो ओळखतो सगळ्यांना. खालून चौकीदार ओरडला, की हजेरी झाली असेल तर नळ बंद करा मास्तर.

मग सभागृहात उभा राहिलो आणि सरळ लालपुर्जाच काढला. घंटा वाजवणारी मुलगीच इंग्रजीत सांगत होती. अडीच मिनिटांत सगळं संपलं! अर्धं मिनिट शिल्लक! एवढ्या वेळेचं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी फडकं सोडलं आणि ढिकरी वाटायला लागलो. मिसनी डोळे झाकून घेतले. पण साहेबलोक खायला लागले. एका चिमुकल्या देशाच्या बाईंनी दोन खाल्ल्या, मला काहीतरी विचारलं आणि वहीत बराच वेळ लिहीत बसल्या. त्यांनी आपला प्रश्न लिहिला की ढिकरीची कृती, ते आता माघात जिनिव्हाची सभा भरेल तेव्हाच कळेल. घंटावाली मुलगी तोवर स्वतःच ढिकरी खात होती, त्यामुळे भाषांतर झालंच नाही.

गाडी लागली. लोभ चढत्या भाजणीनं असो.

पतिराम

*

कैलाली
२० मंसिर

चि. पतिराम,
अ. उ. आ.

कृती लिहून घेतली असेल तर वाफ किती वेळ द्यायची ते सांगितलंस का? नाहीतर तो अख्खा देश कच्ची ढिकरी खाईल आणि प्रश्न राहील बाजूला.

थट्टा राहू दे. मीही रोज देवापुढं त्या बाईंच्या वहीची आठवण करते. नाव माहीत नाही, म्हणून ‘दोन ढिकऱ्यावाली’ म्हणते.

दिदी

*

शिविर वस्ती, बर्दिया
१३ माघ

ती. दिदीस,
सेवा लागी. सा. न. वि. वि.

विचारला! विचारला गं दिदी! तुझ्या दोन ढिकऱ्यावालीच्या देशानं विचारला!

भिंतीवर चादर लावून तिच्यावर सारी वस्ती जिनिव्हाची सभा बघत होती. प्रत्येक देशाला जेमतेम मिनिटभर, की घंटा. ते पाहून बुधनीकाकी म्हणाली, या लोकांनाही तुझीच मास्तरीण भेटलेली दिसते. आमच्या डोळ्यांसमोरून साठ देश गेले. रस्ते, शाळा, तुरुंग, सगळं आलं, आम्ही नाही. पोरं पेंगायला लागली. मी मनात पुन्हा नावं सुरू केली. आणि फोनवरून भाषांतर सांगणाऱ्या मिस एकदम किंचाळल्या, की ऐका, ऐका, मुक्त कमैयांना ठरावीक मुदतीत लालपुर्जा द्या म्हणतोय तो!

मग काय विचारतेस! काकीनं मला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही चादरीवर पडलो, म्हणून पुढचे सात देश कुणीच पाहिले नाहीत. मडक्यांचा ताल धरला, नाच झाला. काल व्यालेल्या शेळीच्या करडाला त्या देशाचं नाव दिलंय. उच्चार कुणालाच येत नाही, करडू मात्र ओ देतं.

मिस म्हणाल्या, ही नुसती सूचना आहे. मान्य की नाही, ते सरकार काही महिन्यांनी सांगेल, आणि मान्य म्हटलं तरी आपल्याला मागं लागावं लागेल. लागू की. मागं लागण्यात बुधनीकाकीचा हात कोण धरणार?

लोभ आहे तसाच असो, आणि शेळीवरही असो.

तुझा
पतिराम

ता. क. – आज सकाळी देवापुढं बसलो आणि दिलेला शब्द परत मागून घेतला. म्हटलं, सगळ्या देशांसमोर ज्या जमिनीची चौकशी झाली, तिला परकी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कागद मागून येईल. डबा कात्रीनं कापावा लागला, मुळांनी डब्याचाच आकार धरला होता. ती बोटांनी सोडवायला तासभर लागला. पहिलं पाणी काकीनं घातलं, बाकी एकशे अकरा घरांनी तांब्या तांब्या, म्हणून अंगणात चिखल झालाय. दाराच्या उजव्या हाताला, दिदी. आंबा लावला.